तिसऱ्या बर्थच्या जागी

लोणंद सोडलं आणि आमची एसटी उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली. दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेल्या, दोन्ही इतक्या गच्च भरलेल्या की मोळ्यांतून निसटलेले ऊस रस्त्याला घासत चालले होते. ट्रॅक्टरवर गाणी लागली होती, आमच्या ड्रायव्हरच्या हॉर्नपेक्षा मोठ्या आवाजात. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "आता बसा निवांत. तोड सुरू झाली की ह्या रस्त्याला असंच." खिडकीतून ताज्या कापलेल्या उसाचा ओला वास आत आला आणि त्याच्या मागोमाग कुठेतरी पाचट जळत असल्याचा. मी काच सरकवली नाही. पुण्यात ऋतू बदलल्याचं मला एसीच्या रिमोटवरून कळतं. हा एकच हंगाम असा आहे, जो आधी नाकाला कळतो.

तोडीचा एकच हंगाम मी पुरता घरी काढला आहे. कॉलेज संपलं होतं. नोकरी लागली होती, पण रुजू व्हायला उन्हाळा उजाडणार होता. पप्पा नुकतेच आर्मीतून निवृत्त होऊन कुंडलला, आमच्या गावी आले होते. आई तिथे होतीच. ती कायमच तिथे होती, शेताजवळ आणि गोठ्याजवळ. आम्ही तिघं एका छपराखाली सलग राहिलो तो तेवढाच एक हिवाळा. आणि त्या हिवाळ्यात आम्ही काय केलं, तर एका जुन्या कॅरॅव्हॅनला पिण्याच्या पाण्याची नवी लाइन टाकली.

कॅरॅव्हॅन हा माझा, शाळेतला शब्द. गाडीमागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. गावाने पहिल्या दिवसापासून तिला 'डबा' म्हटलं. पप्पाही डबाच म्हणायला लागले, आणि मग माझ्या शब्दाला कुणी विचारलं नाही.

मी पाचगणीला बोर्डिंगमध्ये वाढले. संध्याकाळी आम्हाला रांगेने फिरायला नेत, त्या वाटेवर एका बंगल्याच्या आवारात, सिल्व्हर ओकच्या झाडांखाली ती उभी असायची. गोल खांद्यांची, वरून सायीच्या रंगाची, खालून फिकट हिरवी. चाकं गवतात बुडालेली. खिडकीला फुलाफुलांचा पडदा, जो मी कधी हललेला पाहिला नाही. पप्पा एकदा रजेवर असताना मला भेटायला आले, तेव्हा मी त्यांना मुद्दाम तिथे घेऊन गेले. त्यांची पोस्टिंग नेहमी अशा जागी, जिथे फॅमिलीला परवानगी नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की 'फॅमिली' ही काहीतरी जप्त होणारी वस्तू असावी असं मला वाटायचं. कुंपणाच्या तारेला नाक लावून मी म्हणाले, "ही तुमच्या गाडीला मागे लावली ना पप्पा, तर आपण तिघं कुठेही राहू शकतो. कुणाला विचारायला नको."

पप्पा हसले नाहीत. वाकून त्यांनी तारेतून तिची चाकं बघितली आणि म्हणाले, "ॲक्सल चांगला हाय की."

सुट्टीला मी घरी जायचे, तेव्हा आई दारात तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन उभी असायची. आमच्याकडे उन्हातून, प्रवासातून कुणीही आलं की आधी गूळ-पाणी, मग बाकीचं बोलणं. "आली का माझी पावणी!" ती म्हणायची आणि तिचा सगळा चेहरा उजळायचा. ती लाडाने म्हणायची, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी पाहुणीच होते. स्वयंपाकघरात माठाकडे गेले की ती हातातलं काम टाकून उठायची, "थांब, मी देते की." माझी चुलत भावंडं ज्या माठात ओगराळं बुडवून उभ्या उभ्या घटाघटा पाणी प्यायची, त्या माठापर्यंत माझा हात कधी पोचलाच नाही. माझ्यासाठी स्टीलचा पेला, खाली ताटली. माझं मराठीही तसंच होतं, ताटलीत ठेवल्यासारखं. भावंडं हसायची म्हणून मी कमी बोलायचे. कमी बोलायचे म्हणून आणखी पाहुणी व्हायचे. शाळेने मला पुष्कळ काही शिकवलं. त्यातलं सगळ्यात उपयोगाचं हे, की रडू येत असेल तर आधी नळ सोडायचा.

पप्पा ती चाकं विसरले नव्हते. निवृत्त झाल्यावर ते पाचगणीला गेले, तर बंगला विकायला निघालेला आणि ती गवतात तशीच उभी. बोलेरोच्या मागे बांधून त्यांनी ती घाट उतरवून आणली. आमच्या वस्तीवर, गोठ्याशेजारी ती उभी राहिली तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या नुकत्याच उतरल्या होत्या. त्यांच्या बायका येऊन एकेक करून आत डोकावून गेल्या. आमची पाचटाची कोपी आणि तुमचा डबा, त्या म्हणाल्या, दोन्ही सारखंच की ओ, आमच्याला फक्त चाकं नाहीत.

आत एक रुंद बर्थ होता, दोघांचा. एक ओटा, बेसिन. आणि मधल्या बाजूला, खिडकीला लागून, तिसरा बर्थ. अरुंद, खाली लाकडी पेटी, एका टोकाला उशी टेकवायला उतरती फळी. लहान माणसासाठी केलेला. पप्पांनी मला तो दाखवला वगैरे नाही. नुसती त्यावर थाप मारून धूळ उडवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्यो सुदा मजबूत हाय."

मी हो म्हणाले. आणखी काही म्हणता आलं असतं.

आईला पप्पांच्या सगळ्या पोस्टिंगची नावं पाठ होती, आणि त्यातलं एकही गाव तिने पाहिलेलं नव्हतं. आता डब्यातून ते तिला ती गावं दाखवणार होते. ती नको म्हणाली नाही. ती डब्यात चढली, पप्पांना जुन्या टाकीत बादलीभर पाणी ओतायला लावलं, आणि बेसिनची तोटी पिळली. तोटी खोकली. मग चहाच्या रंगाचं पाणी आलं आणि तेही थांबलं.

"मी दुसऱ्याच्या दारात तांब्या घेऊन उभी ऱ्हाणार न्हाई," आई म्हणाली. "जिथं जाईन तिथं माझं पाणी माझ्याजवळ पायजे. आल्यागेल्याला घोटभर पाणी देता येत न्हाई, ते कसलं घर?"

"देतो की," पप्पा म्हणाले. "नवा नळ देतो. मग येशील न्हवं?"

"पाणी आलं की बघू."

पाण्यासाठी दस्तगीरचाचा आले. पलूसपासून कुंडलपर्यंतच्या निम्म्या स्लॅबांवर त्यांनीच टाक्या चढवलेल्या, आणि त्या प्रत्येक टाकीबद्दल त्यांना काहीतरी सांगायचं असायचं. आर्मीतून आलेला माणूस कुठल्याही हुद्द्याचा असो, आमच्याकडे तो मेजरच. त्यामुळे पप्पा त्यांचे मेजर आणि आई वैनी. जुनी लाइन लोखंडी होती. कापली तर आत पाण्याला वाट काडीएवढीच उरलेली, बाकी सगळा गंज. पत्र्याच्या टाकीच्या बुडाला चाचांनी बोट लावलं आणि बोट पलीकडे निघालं.

"वैनी, ह्यातनं चहा आला ह्येच लय झालं. दूध-साखर घाला आन् प्या."

नवी टाकी कुठे बसवायची, यावर चर्चा झालीच नाही. आमच्याकडे पाणी वरून येतं. स्लॅब पडला की त्यावर काळी टाकी चढते, मग ते घर दिसायला लागतं. डब्याला चाकं आहेत, हे पप्पांना आणि चाचांना चांगलं माहीत होतं. पण त्याचं घर करायचं ठरल्यावर टाकी वरच जाणार होती. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. चाचांनी छतावर चौकट केली, टाकी चढवली, पट्ट्यांनी आवळली. खालून बघितलं तर खरंच घरासारखं दिसत होतं. आईनेही मान हलवली.

टाकी भरून पप्पांनी डबा बोलेरोला जोडला आणि चाचांना शेजारी बसवून पाणंदीने फेरी मारायला निघाले; आई आणि मी मागून चालत. वळणावर डबा एका अंगाला कलला. वरचं पाणी त्या अंगाला धावलं, पट्टा सुटला आणि भरलेली टाकी सावकाश, जवळजवळ अदबीने, शेजारच्या उभ्या उसात जाऊन पडली.

कोयते थांबले. फडातून टोळीतली एक बाई ओरडली, "काय ओ मेजर, तोडायच्या उसाला टाकीनं पाणी पाजायलेत का?"

सगळा फड हसला. पप्पा खाली उतरून टाकीकडे बघत उभे राहिले. चाचा म्हणाले, "मी म्हनलंच हुतं."

"कवा म्हनला हुता?"

"मनात म्हनलं हुतं."

मी आयुष्यात पहिल्यांदा आई-पप्पांना एकाच गोष्टीवर, एकाच वेळी हसताना पाहिलं. आई तर डब्याच्या पायरीवर बसूनच राहिली, तोंडाला पदर लावून. तो दिवस जसाच्या तसा कुठे ठेवता आला असता, तर मी ठेवला असता.

पाणी जड असतं आणि ते हलतं, हे मग सगळ्यांनी मान्य केलं. ते खाली पाहिजे, बरोबर ॲक्सलच्या वर. चाचा आत गेले, टेप लावला. दुसऱ्या बाजूने लावला. मग टेप मिटला.

"मेजर, बसती इथं. पर ही खिडकीखालची पेटी काढाय लागंल."

पप्पा म्हणाले, "दुसरीकडं बघ."

"तिकडं चाकांच्या कमानी आल्यात, हिकडं बॅटरी. डोक्यावर तर ठिवून बघितली आपुन."

"मग ल्हान टाकी घ्या की," आई दारातून म्हणाली. "पेटीत मावंल येवढी. येवढं पाणी कशाला लागतंय आमाला?" पाण्याशिवाय पाऊल उचलणार नाही म्हणणारी तीच. "आन् ही कुठं झोपायची?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला कुणी माझ्याकडे बघितलेलं सोसत नाही.

"मी थोडीच येणार आहे?" मी म्हणाले. "मला सुट्टी कुठे मिळणार? काढा ना तो." मेसमधलं जेवण कसं आहे असं घरून विचारलं की ज्या आवाजात आम्ही छान आहे म्हणायचो, त्याच आवाजात.

चाचांनी पहार उचलली, ती पप्पांनी त्यांच्या हातातून काढून घेतली. त्यांनी बर्थ फोडू दिला नाही. गुडघ्यांवर बसून एकेक जुना स्क्रू स्वतः सोडवला, तेल सोडून, थांबून, पुन्हा फिरवून. स्क्रू त्यांनी एका डबीत घातले. वरची फळी निघाली, ती गोणपाटात गुंडाळून गोठ्याच्या माळ्यावर टाकली. त्या जागी निळी टाकी बसली, फळीपेक्षा बरीच उंच, खिडकीच्या कडेपर्यंत. मी बघितलं, छान बसली म्हणाले, आणि घरात जाऊन मोरीतला नळ सोडला.

त्यानंतरचे दिवस मला सगळ्यात जास्त आठवतात, आणि त्यात घडलं असं फार काही नाही. नळी मऊ घेतली, रस्त्याच्या हादऱ्याने सांधे तुटू नयेत म्हणून. पाणी खालून वर चढवायला पंप पाहिजे होता. तो पप्पांनी फवारणीच्या पाठीवरच्या यंत्रातला वापरायचं ठरवलं, बॅटरीवर चालणारा, मुठीएवढा. आई म्हणाली, "नवाकोरा आना. औषीद लागलेला माझ्या घरात चालायचा न्हाई." माझ्या घरात, असं ती डब्याबद्दल तेव्हा पहिल्यांदा म्हणाली. पप्पा लगेच तासगावला गेले.

त्या पंपाची एक सवय होती. तोटी उघडली की तो टर्र बोलायला लागायचा, बंद केली की थांबायचा. आणि तोटी बंद असताना तो आपणहून बोलला, तर समजायचं की कुठेतरी पाणी जातंय. आमचा बोलायचा. थोडा वेळ गप्प, मग टर्र. पुन्हा गप्प. चाचांनी सांध्यांखाली वर्तमानपत्राचे तुकडे पसरून ठेवले, कुठला भिजतो ते बघायला. आणि दुपारभर आम्ही तिघं त्या लहानशा जागेत, गुडघ्याला गुडघा लावून, कान देऊन बसायचो. बाहेर कोयत्यांचा आवाज, उसाचं हिरवं वाडं खाणाऱ्या म्हशीचा आवाज. आई मधेच काहीतरी सांगायची, माझ्या जन्माच्या वेळचं, पप्पांच्या न आलेल्या रजेचं. पप्पा कुठल्यातरी बर्फातल्या चौकीचं सांगायचे, जिथे बर्फ वितळवून पाणी करायचे आणि त्याला रॉकेलचा वास यायचा. "ह्ये मला कवाच सांगितलं न्हाई," आई म्हणायची. "तू तवा कुठं हुतीस?" पप्पा म्हणायचे. पंप टर्र करायचा.

गळती मन लावून मीही शोधत होते. फक्त ती सापडली की आमचं काम संपणार, हे मला त्या दोघांच्या आधी कळलं होतं.

सापडली मलाच. बेसिनच्या मागे, सगळ्यात आतली क्लिप, तिथे माझाच हात जात होता. मी ती आवळली. आम्ही वाट बघितली. पंप बोलला नाही. पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, त्याला ग्रीस लागलेलं होतं.

नव्या नळीचा वास जाईना म्हणून आईने टाकीत खायचा सोडा घालून पाणी भरलं, सोडून दिलं, पुन्हा भरलं. मग एका दुपारी ती डब्यात जमिनीवर बसून फडताळाला कागद लावत होती. मी उन्हातून आले आणि दारात उभी राहिले. तहान लागली होती. सवयीने मी उभी होते. कुणीतरी उठून देईल, अशी. आईने मान वर केली नाही.

"उभी काय? घे की तुझं तू. पावणी हायस व्हय?"

मी पेला घेतला. तोटी उघडली. पंप बोलला, पाणी आलं, स्वच्छ. त्याला सोड्याची किंचित चव होती. मी पेला संपवला आणि पुन्हा भरला, तहान संपली होती तरी.

आमचा ऊस शेवटी तुटला. रान मोकळं झालं, आणि घराच्या पायरीवरून थेट डांबरी रस्ता दिसायला लागला. त्यामुळे ते निघाले तेव्हा डबा फार वेळ दिसत राहिला. आईने निघताना टाकी आमच्या विहिरीच्या पाण्याने भरून घेतली होती. "संपंस्तवर घरातच हाय असं वाटंल," ती म्हणाली. मी हात हलवला, कुलूप लावलं, आणि काही दिवसांनी पुण्याला गेले.

पावसाळ्यात ते शेतीसाठी कुंडलला येतात. मीही जाते, घरातच भेटते, दारात गूळ-पाणी घेते. डबा गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली असतो. मी ताडपत्री कधी उचलली नाही. तोड संपली की ते निघतात, कधी तोड सुरू व्हायच्या आधीच. फोन येतात, कधी डोंगराच्या कडेचे, कधी कुठल्या छावणीजवळचे. आई बोलत असताना मागे कुणीतरी तोटी उघडतं आणि मला पंप ऐकू येतो. माझ्या फ्लॅटमधलं पाणी काही बोलत नाही. नळ उघडा, येतं. पण कधी कधी संध्याकाळी, घरात सगळं बंद असताना, माझ्या आत काहीतरी टर्र करून सुरू होतं आणि थांबतं. मग मी उठून कुठलं तरी काम काढते.

या वेळी ते फलटणजवळ उतरलेत, पप्पांच्या पलटणीतल्या शिंदेकाकांच्या रानात. आईने फोनवर फक्त एवढंच विचारलं, "येतीस का? जवळच हाय." काय कारण सांगावं, ते मला पटकन सुचलं नाही.

फाट्यावर उतरून मी वस्तीवर पोचले. अंगणात शिंदेकाकू भेटल्या. "आवं, मेजरची पोरगी आली बघा!" त्या घरात ओरडल्या आणि मला खुर्चीवर बसवलंच. "बस गं बाई, उन्हातनं आलीस. आदी पाणी घे." तांब्या, पेला, वाटीत गूळ. मी गूळ खाल्ला, पाणी प्यायले, पेला ताटलीत ठेवला. मला ते छान जमतं.

"आई कुठे आहे?"

"डब्यात. भाकरी थापतीया तुझ्यासाठी. आमच्या चुलीवर कर म्हनलं तर ऐकती व्हय!"

डबा बांधावरच्या बाभळीखाली होता, पलीकडे अर्धा तुटलेला फड. आत शिरताना मी जमिनीकडेच बघत होते. मग वर बघितलं. निळी टाकी तिथेच होती, खिडकीच्या कडेपर्यंत. आणि तिच्यावर माझी फळी होती. तीच, उशीच्या बाजूला उतरती. चौकट नवी होती, स्क्रू जुने. वर गादी, गादीवर आईच्या लुगड्याची गोधडी.

"तुज्या पप्पांनी बशिवली," आई म्हणाली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाचे होते. "लय उंच झालीया. आन् तुला आखूड पडंल, पाय दुमडून झोपाय लागंल."

मी गोधडीवरून हात फिरवला. उद्या संध्याकाळची एसटी मला पकडायची होती, ते तिलाही माहीत होतं. तिने काटवटीतला गोळा फिरवला.

"माझे हात भरल्यात. पाणी घे तुझं तू. आन् मलाबी पाज."

मी तोटी उघडली, पंप बोलला, पेला भरला. आधी तिच्या तोंडाला लावला. ती डोळे मिटून प्यायली, हनुवटीवरून थोडं सांडलं. मग तोच पेला पुन्हा भरून मी. तोटी बंद केली, चौकटीवर पाय देऊन फळीवर चढले आणि पाय दुमडून आडवी झाले. गोधडीखाली, फळीखाली, पाणी थोडं हललं आणि थांबलं. मी जुन्या सवयीने कान दिला. आई भाकरी थापत होती. फडात कोयते चालले होते. पंप पुन्हा बोलला नाही.